आंबिलीचा गंज

कापूस वेचणीला आला आणि भीमपुरात चिकनगुन्या शिरला. कधी दवाखान्याची पायरी न चढलेला धडधाकट जयदीप तापाने असा आडवा झाला की त्याला कूसही बदलता येईना. बाजूच्या बाजेवर बायको सांधे धरून कण्हत होती. घरात तर नाहीच, अख्ख्या गल्लीतही एखादीच चूल पेटली होती.

दुपारी शेजारच्या रेणुकाबाई ज्वारीच्या आंबिलीचा गंज घेऊन दारात उभ्या राहिल्या. साठी उलटलेली बाई. जयदीप घाबरला.

"काकू, आत नका येऊ. इथचे डास चावले तं तुमीबी पडसान."

"न्हाई पडत, बापू." त्या वाटीत आंबील ओतू लागल्या. "मांगच्या साथीत मी महिनाभर खाटेवर होती. डाक्टरीनबाई म्हणे, एकदा होऊन गेला का अंग त्या रोगाले वळखून ठेवते. पुन्हा आला तं त्याले टिकू देत न्हाई."

त्यांनी आधी त्याच्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तिला घोट घोट पाजलं, मग त्याला. जयदीपचे डोळे भरून आले.

"काकू, तुमचं हे कसं फेडू मी?"

"फेडतं काऊन? निस्ता पडून राह्य. तुयंबी अंग आता शिकून राह्यलं," रेणुकाबाई पदराने त्याचं तोंड पुसत म्हणाल्या. "पुढच्या साथीत हा गंज घेऊन घरोघरी तुलेच फिरा लागन."