लाडक्या संघाचा नंबर

दादाची नजर गेल्यापासून फासे वृंदाच टाकायची आणि वाचायची. अमेरिकेतले गेल्या तीस वर्षांतले आठ थोर बेसबॉल संघ, आणि दादानं स्वतः केलेलं प्रत्येक खेळाडूचं कार्ड. कुठल्या दानाला काय होतं, ते त्यावर लिहिलेलं. लढती लावून पहिला कोण, आठवा कोण, हे त्याला एकदाचं ठरवायचं होतं.

आज त्याचा लाडका संघ हरला, तर थेट आठव्या नंबरावर जाणार होता. शेवटच्या फलंदाजाला पाच-दोन पडले. बाद.

"सहा-सहा!" वृंदा ओरडली. "होमरन! जिंकलास की रे दादा!"

तो हसला नाही. "वेडाबाई, कार्ड न बघताच ओरडलीस. सहा-सहाला हा गडी झेल देतो. मीच लिहिलंय." मग हळूच म्हणाला, "लहानपणी मला एक दान सोडत नव्हतीस. आज एवढी दया? डॉक्टर काय म्हणाले?"

वृंदा नुसती फासे गोळा करत राहिली. त्याला मग विचारायचं काही उरलं नाही.

"बरं. आठवा लिही."

तिनं लिहिलं. त्याला दिसणार नव्हतं, तरी अक्षर अगदी वळणदार काढलं.