पुढच्या दाराने

शिंपीकाकांनी वाटाण्याचा सीलबंद डबा टेबलावर ठेवला. बालवाडीच्या बाईंनी तो उचलून आधी बूड पाहिलं. तिथे निळा ठिपका होता, बाईंच्याच पेनाचा.

"तारीख बघताय?" काकांनी विचारलं.

"हो, तारीखच," बाई म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या.

निवृत्त झाल्यापासून बाई दर गुरुवारी या मोफत शिधा केंद्रात कामाला येत. पुढच्या दारी लोकांनी आणून दिलेलं घ्यायचं, मागच्या दारी रांगेतल्यांना वाटायचं, एवढा सरळ कारभार. शिंपीकाका मात्र आधी पुढून येत, एक डबा देत, ताठ मानेने बाहेर पडत आणि इमारतीला वळसा घालून मागच्या रांगेत उभे राहत. बाईंना चौकशीची भारी खोड. देणारा माणूस मागायला का जातो, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडेना. म्हणून गेल्या गुरुवारी त्यांनी मागच्या दारचं काम मागून घेतलं आणि काकांच्या पिशवीत टाकायच्या डब्यांवर गुपचूप ठिपके काढले. घरी काका आणि अंथरुणाला खिळलेल्या काकू, अशी दोनच माणसं. म्हणून डबेही दोनच.

त्यातला एक आज परत आला होता. काकू काही उपाशी राहिल्या नसणार; म्हणजे हा काकांच्याच वाटणीचा. बाईंना स्वतःच्या हुशारीची लाज वाटली.

"अहो, राहू द्या की घरी," त्या हळूच म्हणाल्या.

"रिकाम्या हाताने इथे यायला पाय उचलत नाही हो." काकांनी उलटून शिवलेली कॉलर नीट केली. "उभा जन्म मशीनवर गेला. फुकटचं कधी घेतलं नाही."

डबा नाकारला तर हा माणूस मागच्या रांगेतही उभा राहायचा नाही, हे बाईंनी ओळखलं. त्यांनी तो मुकाट्याने खोक्यात ठेवला, टेबल दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारलं आणि लगबगीने मागे गेल्या. काकांचा नंबर आला तेव्हा पिशवीत तीन डबे घातले. एक काकूंना, एक काकांना, एक द्यायला. या युक्तीवर त्या आठवडाभर खूश होत्या.

पुढच्या गुरुवारी बाई नऊपासूनच दाराकडे डोळे लावून बसल्या. काका आले. गालफडं आणखी बसली होती, पण चाल झोकात. त्यांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. मग पुन्हा पिशवीत हात घातला आणि दुसरा काढला.

"या खेपेला दोन देता आले बघा, बाई!" काका म्हणाले. इतके आनंदात ते आजवर कधी दिसले नव्हते.