लाल पट्टीच्या बाहेर

"अजून डावीकडे घ्या," म्हातारा म्हणाला.

विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात काम करणाऱ्या बाईंनी माउस ओढला. पडद्यावरचा फोटो जागचा हलला नाही. हातात फुलं घेतलेली नवरी, आणि डाव्या अंगाला तिच्या खांद्यापाशीच फोटो संपलेला.

"काका, इथपर्यंतच आहे."

"असं कसं? याच्या पुढे पुठ्ठा धरलेला हात असणार. त्या हातामागे माझी बायको असणार. मला माहीत नको?"

लेक त्याच्या खुर्चीमागे उभी होती. तिने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला.

गावात त्याला सगळे फोटोकाका म्हणायचे. त्याने काढलेला एकही फोटो नाही असं घर शोधून सापडलं नसतं. शाळेचे वर्ग, लग्नं, बारशाची बाळं, नव्या पुलावरून पहिल्यांदा चालत गेलेली माणसं, पुढे पुरात वाहून गेलेला जुना बाजार, सगळं याच्याच कॅमेऱ्यात. आणि मागच्या महिन्यात बायको गेली तेव्हा घर उलथंपालथं केलं तरी तिचा एक धड फोटो मिळेना! स्वतःच्या लग्नातसुद्धा हा पठ्ठ्या पाहुण्यांचे फोटो काढत फिरत होता. ओळखपत्रावर होता एक, पण त्यातली बाई कुणावर तरी डाफरायच्या तयारीत. लेकीच्या मोबाइलमध्ये आजारपणातले होते. ते दोघांनाही बघवत नव्हते. समोर ठेवून दोन अश्रू ढाळावेत असा एक चेहरा त्यांना हवा होता, दुसरं काही नाही.

मग त्याला आठवलं. स्टुडिओत असो की बाहेर, ती कायम कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला असायची. मोठा पांढरा पुठ्ठा धरायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर उजेड टाकायची. एका जागी उभी राहील तर शपथ! बोलता बोलता पुढे सरकायची आणि निम्मीअर्धी फोटोत यायची. "अगं, मागे हो!" हा खेकसायचा. ती मागे व्हायची, पुन्हा यायची. शेवटी हा निगेटिव्हच्या कडेवर लाल पट्टी चिकटवायचा, म्हणजे छापताना तेवढा भाग गायब. छापलेल्या फोटोंत ती कुठेच नव्हती. पण निगेटिव्हमध्ये होती. पट्टीखाली, तिशीतली, हसणारी, हातात पुठ्ठा घेऊन. आणि गावाचा इतिहास जपला जाईल म्हणून त्या सगळ्या निगेटिव्ह त्याने दोन वर्षांपूर्वी मोठ्या ऐटीत विद्यापीठाला देऊन टाकल्या होत्या.

"आम्ही पट्टीच्या आतलंच स्कॅन केलंय, काका," बाई म्हणाल्या.

"मग मूळ निगेटिव्ह काढा. पट्टी मी सोडवतो. माझा हात अजून थरथरत नाही."

बाईंनी माउस सोडला. "त्या नाहीत आता. आल्या तेव्हाच त्यांना आंबट वास येत होता. फिल्म आखडलेली, एकमेकींना चिकटलेली. ती कीड बाकीच्या संग्रहाला लागते. स्कॅन झाल्यावर नष्ट कराव्या लागल्या. तुम्हाला फोन करून सांगितलं होतं."



"अहो, विद्यापीठ म्हणवता आणि एवढी अक्कल नाही?" लेक भडकली. "एक पट्टी काढून बघायला काय झालं होतं?"

"काढणार होतो ताई. म्हणूनच आधी काकांना विचारलं." बाई हळूच म्हणाल्या. "ते म्हणाले, मी जेवढं पट्टीच्या आत ठेवलंय तेवढाच फोटो. बाहेरचा सगळा कचरा आहे, तो घेऊ नका."

लेकीने बापाकडे पाहिलं. बाबा नाही म्हणतील, तावातावाने भांडतील, अशी तिने वाट पाहिली. तो नुसता मान खाली घालून बसला होता. लेकीला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. तिने पुन्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी त्याने तो झटकला नाही.

"चला बाबा. घरी जाऊ."

"पुढचा दाखवा," तो बाईंना म्हणाला.

बाईंनी पुढचा काढला. दात पडलेला एक पोरगा खिदळत होता. त्याच्या पुढचा. जुन्या बाजारातला खाटीक, हाताची घडी घालून, मिशीतल्या मिशीत हसणारा. मग एक आजी, तोंडावर हात धरून. मग शाळेचा आख्खा वर्ग, मास्तरांसकट.

"हे बघा, एकाची नजर धड नाही," म्हातारा पुटपुटला. "इकडे बघा, कॅमेऱ्यात बघा म्हणून घसा कोरडा करायचो. या गावाला मेलं फोटोला उभं राहताच येत नाही."

बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "काका, तेच विचारायचं होतं तुम्हाला. प्रत्येक फोटोखाली आम्हाला वर्णन लिहावं लागतं. हसतात सगळे, पण कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नाही. सगळ्यांची नजर एकाच बाजूला. कुणाकडे बघतायत ही माणसं?"

म्हातारा उठला. पडद्याच्या अगदी जवळ गेला. पोरांच्या नजरा जिथे जात होत्या तिथे, डाव्या कडेला, जिथे फोटो संपत होता, त्याने बोट टेकवलं आणि तो ढसाढसा रडायला लागला. आख्खं गाव तिच्याकडे बघून हसत होतं, आणि तो तेवढा जन्मभर तिला 'मागे हो' म्हणत राहिला होता.