लाल डगल्यांची झडती

असाहेल मागच्या दाराने घरात शिरला तेव्हा त्याच्या खांद्यावर शेजाऱ्यांच्या चार बंदुका होत्या, आणि खालच्या रस्त्यावर लाल डगलेवाल्यांचा ढोल वाजत होता.

राजाचे हे लाल डगलेवाले शिपाई गावातली हत्यारं जप्त करायला बोस्टनहून निघाल्याची खबर सकाळीच आली होती. थोरल्या भावाचं, जोथमचं घर गावाबाहेर एका बाजूला. इतक्या लांब कोण येतंय, असं असाहेलला वाटलं होतं. पण ढोल त्याच्या मागोमाग इकडेच वळला.

वहिनी मागे बागेत होती. सफरचंदाच्या झाडाखाली पाठमोरी खणत होती. त्याने दबक्या आवाजात हाक मारली, पण टॅबिथाने मान वर केली नाही. वाटाण्याचे वाफे करत असेल. जोथम अवजारं आणायला बोस्टनला गेलेला. राजाने बंदर बंद केल्यापासून त्याचं तिथलं लाकडी पिंपं बांधायचं दुकान बसलं होतं. अजून परतला नसावा.

घरात सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि व्हिनेगरचा उग्र वास भरला होता. असाहेल मागच्या खोलीत घुसला. बंदुका अंथरुणात आडव्या घातल्या, स्वतः त्यांच्यावर झोपला आणि पांघरूण ओढून घेतलं. पांघरूण दमट होतं. पुढचं दार धडाधड वाजायला लागलं.

टॅबिथा घराला वळसा घालून पुढे आली असावी. तिचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

"काय पाहिजे?"

"बंदुका," अधिकारी म्हणाला. "कुठे लपवल्यात?"

"घरात बंदूक नाही. असती तरी आमची असती. तुम्हाला का द्यायची?"

"राजावर रोखाल म्हणून."

"चहावर कर बसवलात, आम्हाला विचारलं नाहीत. बंदर बंद केलंत, आमची सभा मोडलीत, तेव्हाही विचारलं नाहीत. आता हातातलं हत्यार काढून घ्यायला आलात. मग उद्या आम्ही तोंड तरी कशाच्या जोरावर उघडायचं?"

ती रागाने बोलत नव्हती. फार दमलेल्या माणसासारखी बोलत होती. असाहेलची छाती अंथरुणात फुगली. गावसभेत तो हेच बोलला होता, पण वहिनीसारखं त्याला जमलं नव्हतं.

"भाषण पुरे. चला रे आत."

"जा. पण आत देवीचा रोग आहे. नवऱ्याने बोस्टनहून आणलाय. मागच्या खोलीत त्याचं अंथरूण आहे. खुशाल बघा."

बूट जागच्या जागी थबकले.

वा रे वहिनी! असाहेलने हसू दातांखाली दाबलं. म्हणजे तिने त्याला घरात शिरताना पाहिलं होतं तर. देवीचा रोग! या गावात तो कधी आलाच नव्हता. असाहेलने त्याच्या फक्त गोष्टी ऐकल्या होत्या.

"खोटं बोलतेय ही," अधिकारी म्हणाला. "ए, तू जाऊन बघ."

पावलं जवळ आली. असाहेलने पांघरूण डोक्यावरून घेतलं, अंग आखडलं आणि पोटातून कण्हायला सुरुवात केली.

उंबऱ्यावरच शिपाई किंचाळला. "आहे साहेब! पांघरुणात आहे कुणीतरी! कण्हतंय!"

"कण्हतंय?" टॅबिथाचा आवाज चिरकला.

काय नाटक करते ही बाई, असाहेलला वाटलं. त्याने आणखी एकदा कण्हून दाखवलं.

अधिकाऱ्याने कसलासा हुकूम सोडला. बूट पळत सुटले. फाटक आपटलं आणि ढोल न वाजवताच पलटण रस्त्याने निघून गेली.

टॅबिथा धावत खोलीत आली. हाताला माती, केस सुटलेले. अंथरुणापासून दोन हातांवर ती थांबली.

"जोथम?" ती पुटपुटली. "जोथम, तू..."

असाहेल पांघरूण फेकून उठून बसला आणि पोट धरून हसला.

"गेले वहिनी, गेले! आता बस झालं नाटक. मानलं तुम्हाला! एकही बंदूक हाताला लागू दिली नाहीत त्यांच्या."

ती एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक, भिंतीला टेकेपर्यंत.

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या दादांना झाडाखाली पुरत होते मी. आज पहाटे गेले ते. त्याच पांघरुणात."