पाचव्या भागाचं पारायण

"बाहेरून कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडेच ठेव," कुंदा शेजारच्या शकूला म्हणाली. "कोणी आलं तर सांग, घरी नाहीत."

"डोकं फिरलंय का गं तुझं?" असं म्हणत शकूने कुलूप लावलं. कुंदाचं डोकं फिरलं नव्हतं, पण फिरायचं तेवढं बाकी होतं. सासूबाईंना, जानकीबाईंना, मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, म्हणून लायब्ररीतली पाच भागांची कादंबरी ती त्यांना रोज वाचून दाखवायची. जानकीबाईंनी उभ्या जन्मात पोथीखेरीज काही ऐकलेलं नव्हतं. त्यामुळे कादंबरीलाही पोथीचेच नियम लागले. आंघोळ करून बसायचं, पुढचं पान चोरून वाचायचं नाही. प्रकरण सुरू असताना दोघींपैकी कोणी मध्ये बोललं, की तो अख्खा भाग पुन्हा पहिल्या पानापासून.

चार भाग कसेबसे पार पडले. पाचव्याने मात्र छळ मांडला. एकदा गॅसवाला आला, एकदा मानखुर्दचे मामा. पहिल्या भागात समुद्रात तारू घेऊन गेलेला नाखवा घरी पोचतो की नाही, या विचाराने कुंदाचं ऑफिसातही लक्ष लागेना. आज शेवटचं प्रकरण होतं आणि उद्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जानकीबाईंना हॉस्पिटलात न्यायचं होतं.

ती वाचू लागली. मध्येच दारावर थाप पडली. "घरी नाहीत हो कोणी," बाहेरून शकूचा आवाज आला. सासू-सून पदर तोंडाला लावून हसल्या आणि वाचन पुढे चालू राहिलं.

नाखव्याला लांबून गावचे माड दिसले. दोनच पानं उरली.

"पाणी दी गो," जानकीबाई म्हणाल्या.

कुंदा थांबली. पाण्याने भरलेला तांब्या जानकीबाईंच्या मांडीला टेकूनच होता. तो त्यांनी स्वतःच तिथे ठेवून घेतला होता.

"आई, दोन पानं राहिली होती."

"मोडला. आता पयल्यापासून."

"उद्या हॉस्पिटलात जायचंय ना. मग वाचायचं कधी?"

"घराक इल्यार."

कुंदा चिडलीच होती. तोंडावर आलेलं बोलणार, तेवढ्यात जानकीबाईंनी चाचपडत तिचा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता.

"अर्ध्या पारायणातसून देव कोणाक उचलणा नाय," त्या हळूच म्हणाल्या.

इतके दिवस आपण यांना नुसत्या हट्टी समजत होतो, याचं कुंदाला वाईट वाटलं. तिने तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून त्यांच्या हातात दिलं. त्या सावकाश प्यायल्या.

"शकू, कुलूप काढ गं," तिने दाराशी जाऊन हाक मारली. "लायब्ररीत सांगून येते, पाचवा भाग एवढ्यात मिळायचा नाही."

निघण्याआधी तिने लायब्ररीचं ते पुस्तक देव्हाऱ्यात गणपतीच्या शेजारी ठेवलं. खूण म्हणून पान दुमडायला तिचं बोट गेलं होतं, पण तिने ते दुमडलं नाही. पहिल्यापासूनच तर वाचायचं होतं.