दुधाचा खाडा

१९ नोव्हेंबर १९९६, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे, आठवे डॉक्टर. मकबूल मणेर यांनी टेबलावर दोन वस्तू काटकोनात मांडल्या: एक आलेखवही आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरून उतरवून आणलेले कॅलेंडर.

शेजारच्या खुर्चीत त्यांची मुलगी आबेदा बसली होती. वय एकवीस. ओटीपोटात कळ आली की ती न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे छातीशी घेऊन पडून राही. सहा वर्षे हेच चालले होते. एका डॉक्टरने जंत सांगितले. एकाने चांगले अपेंडिक्स काढून टाकले. सोनोग्राफी तीनदा निर्दोष आली. सातव्याने चिठ्ठीवर 'मानसिक' एवढेच लिहिले. कॉलेज सुटले. आज खडकीच्या स्टॉपवर ती म्हणाली होती, "अब्बा, इथंही काही निघालं नाही तर मला आणखी कुठं नेऊ नका. मी नाटकच करते असं धरून चाला."

ते कारखान्यात तपासनीस होते. मापात न बसणारा भाग बाजूला काढायचा आणि दोष कुठून आला ते शोधायचे, यात त्यांची तीस वर्षे गेली होती. पत्नी हमीदा सात वर्षांपूर्वी वारली. त्यामुळे लेकीला डॉक्टरांकडे तेच नेत, तिच्या वतीने तेच बोलत. प्रत्येक डॉक्टर विचारी, "पाळी नियमित येते?" मकबूल खिडकीबाहेर पाहू लागत. आबेदा म्हणे, "हो."

"दोष सापडलाय," ते डॉक्टर सुनीतींना म्हणाले. "वहीत दुखण्याच्या तारखा. कॅलेंडरवर हे पेन्सिलीचे ठिपके, म्हणजे दूधवाल्याचे खाडे. मी पहिल्या भोंग्याला घर सोडतो, त्यामुळे खूण मुलगीच करते. गडी महिन्यातून एकदा नेमानं दांडी मारतो. पगारी रजा असावी त्याला. त्या दिवशी बाहेरचं दूध येतं. वहीत 'दूध' असा रकाना करून महिन्यागणिक जुळवलं: अकरा खाडे, अकरा दुखणी. अकरापैकी अकरा! दुधात काहीतरी आहे, डॉक्टर. एवढं तपासा."

डॉक्टरीणबाईंनी वही आणि कॅलेंडर जवळ ओढले. त्यांचे बोट एकेका तारखेवरून फिरले.

"मणेरसाहेब, इथं ठिपका नऊ तारखेला, कळ आठ तारखेला. इथं ठिपका सातला, कळ सहाला. दूध घरात यायच्या आदल्या दिवशीच बाधतं का आपल्याकडे?"

मकबूल यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. अकराही ठिकाणी तसेच होते. अशी ढोबळ चूक कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारानेही केली नसती. हातातला शेवटचा धागाही तुटला. त्यांनी वही मिटली.

"चल, बेटा."

आबेदा उठली नाही.

"अब्बा, ते दुधाचे खाडे नाहीत."

"मग कसले?"

"माझ्या नमाजचे." ती फरशीकडे पाहत होती. "पाळी आली की नमाज बंद. त्या दिवशी अम्मी असाच ठिपका देऊन ठेवायची. मीही देते."

डॉक्टरांनी कॅलेंडर पुन्हा जवळ घेतले.

"हे आधीच्या सात जणांना का नाही सांगितलंस?" डॉक्टरांनी विचारले.

"पाळी नियमित येते का, एवढंच त्यांनी विचारलं. ती नियमितच येते. आणि अब्बा शेजारी असायचे."

डॉक्टर सुनीतींनी कागद पुढे घेतला. "गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर कधी कधी बाहेरही वाढतं. मग दर महिन्याला, पाळीच्या आदल्या दिवसापासूनच, पोटात असा कहर होतो. सोनोग्राफीत ते पुष्कळदा दिसत नाही. पोटात दुर्बीण घालून पाहू, म्हणजे खात्री होईल. आणि आबेदा, नाटक तारीख पाळून येत नाही."

आबेदाने ओढणी तोंडावर दाबली. ती सहा वर्षांचे रडत होती.

मकबूल यांनी वही पुन्हा उघडली. रकान्याच्या डोक्यावरचा 'दूध' हा शब्द त्यांनी पट्टी धरून खोडला. नवा शब्द लिहायला मात्र हात उचलेना. त्यांनी पेन्सिल मुलीपुढे सरकवली. तिने लिहिले, 'पाळी'.

खालचा आकडा बदलावा लागला नाही: अकरापैकी अकरा.