रेडिओ आणि स्टो

"संध्याकाळी रेडिओ लागला, की आमचं अख्खं घर कानात प्राण आणून ऐकायचं." प्रकाशन समारंभात दिगंबर बालपणीच्या आठवणींचं आपलं पुस्तक वाचत होता आणि सभागृहातली पिकली डोकी डोलत होती.

पहिल्या रांगेतल्या अंबूताईला, त्याच्या थोरल्या बहिणीला, मात्र राहवेना. ती उठलीच.

"अख्खं घर नाही हं, दिगू! तुम्ही पुरुष बाहेर ऐकायचात. मी आणि आई आत पोळ्या लाटायचो. त्या भरभरणाऱ्या स्टोपुढे रेडिओचं एक अक्षर कानावर पडायचं नाही."

सभागृह हसलं. दिगंबर ओशाळला. "मग तुला काय आठवतं, ताई?"

"विचारायला उशीरच केलास." पदर खोचत ती मंचावर गेली आणि तिनं माईक आपल्याकडे वळवला.

"सांगते. आता स्टो बंद आहे."